गोठ्यासाठी पुस्तक कोणते?



जिल्ह्याच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे होते, कर्जावर होते, विजेवर होते. गोठ्यावर बोलणे होत नाही. बैठक आटोपली, माणसे चहाला उठली, की मग कोणीतरी हळूच विचारतो, "गुरांच्या आजारावर एखादे चांगले पुस्तक सांगा ना." प्रश्न विचारणारा संकोचून विचारतो, जणू पुस्तक मागणे हे आपले काम नव्हे. उत्तर देणाराही "बघू, विद्यापीठात चौकशी करू" असे म्हणून सुटतो.

हा प्रश्न चहाच्या कपाबरोबर संपवण्यासारखा नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचे भांडवल कोठे असते? जमिनीला गिऱ्हाईक नाही, विहिरीला पाणी नाही, बँकेत शिल्लक नाही. चालतेबोलते भांडवल म्हणजे बैलजोडी, एखादी गाय किंवा म्हैस आणि घरच्या बाईने वाढवलेल्या चार शेळ्या. मृगाचा पाऊस पडला, वाफसा आला आणि त्याच दिवशी बैल बसला, तर तिफण थांबते. आठ दिवस थांबली की कापसाचे उत्पन्न घटते. पंधरा दिवस थांबली तर हंगाम गेला. भाड्याने ट्रॅक्टर आणावा तर त्याचे पैसे आगाऊ, आणि त्या आठवड्यात तो मोकळा मिळेलच याचा भरवसा नाही. असे सगळे असताना जनावराच्या आजाराबद्दलचे आपले ज्ञान मात्र ऐकीव राहते. कोणी म्हणतो डाग द्या, कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी औषधाच्या दुकानातून एक सुई आणून देतो. जनावर जगले तर उपाय खरा, मेले तर नशीब खोटे.

म्हणून पुस्तकाचा प्रश्न नीट विचारला पाहिजे. "चांगले पुस्तक कोणते" असा प्रश्न नाही. "कोणासाठी, कशासाठी, कोणत्या सालचे" असा तो प्रश्न आहे.

राजाचा घोडा आणि कुणब्याचा बैल

जनावरांच्या वैद्यकीची पुस्तके आपल्या देशाला नवी नाहीत. घोड्यांच्या वैद्यकीला शालिहोत्राचे नाव आहे, हत्तींच्या वैद्यकीला पालकाप्याचे. घोडा आणि हत्ती ही राजाची जनावरे. सैन्य त्यांच्यावर चाले, म्हणून त्यांच्यावर ग्रंथ झाले. नांगर ओढणाऱ्या बैलासाठी तेवढ्या तोलाचे नाव चटकन सांगता येत नाही. ज्याच्या जनावराला किंमत, त्याच्यासाठी पुस्तक, हा जुना न्याय आहे.

इंग्रज आले तेव्हा मुंबईत १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. गुरांच्या साथींवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात सुरू झाली आणि पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. म्हणजे या विद्येची सरकारी सुरुवात मराठी मुलखात झाली, त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेली. पण विद्या इंग्रजीत शिकवली गेली, इंग्रजीतच लिहिली गेली. गोठ्यापर्यंत पोचताना तिचे पत्रक झाले, आणि पत्रक दवाखान्याच्या भिंतीवर चिकटून राहिले.

आज जगात या विषयाचा सर्वांत जास्त उघडला जाणारा संदर्भग्रंथ म्हणजे अमेरिकेतील मर्क व्हेटरनरी मॅन्युअल. पहिली आवृत्ती १९५५ साली निघाली, अकरावी २०१६ साली. अमेरिका आणि कॅनडाबाहेर तोच ग्रंथ एमएसडी या नावाने चालतो. आता तो मोबाइलवर फुकट वाचता येतो, ही मोठीच सोय आहे. पण त्याचे दोन भाग आहेत, ते पाहण्यासारखे आहेत. एक भाग डॉक्टरांसाठी आणि दुसरा जनावरांच्या मालकांसाठी. मालकांच्या भागात कोणती जनावरे आहेत? कुत्रा, मांजर, पिंजऱ्यातले पक्षी, घोडा आणि हौसेने पाळायचे इतर प्राणी. गाय, म्हैस, शेळी त्या भागात नाही. ती डॉक्टरांच्या भागात आहेत. अमेरिकेत जनावराचा 'मालक' म्हणजे हौसेने प्राणी पाळणारा. गाय पाळणारा हा धंदेवाला, त्याने डॉक्टर नेमावा. त्यांच्याकडे ते ठीक असेल. आपल्याकडे गाय पाळणारी बाई मालकही आहे, गडीही आहे आणि डॉक्टर येईपर्यंतची परिचारिकाही तीच आहे. तिच्यासाठी तो ग्रंथ लिहिलेला नाही. शालिहोत्रापासून चालत आलेला न्याय अमेरिकेतही तसाच आहे.

तीन वाचक, तीन गरजा

एकच पुस्तक विद्यार्थ्याला, डॉक्टरला आणि जनावराच्या मालकाला पुरेल, असे पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले असते. पुठ्ठ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या शिवारातलेच एक उदाहरण घेऊ.

कोवळी ज्वारी खाऊन जनावर मरते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पावसाने ताण दिला, पीक गुडघ्याएवढे असतानाच सुकले, जनावर सुटले, शेतात शिरले आणि तासाभरात मेले. कापणीनंतर बुडख्याला फुटवे आले, मध्येच पाऊस झाला, त्यावर जनावर चरले, तेही गेले. असे का होते?

ज्वारीच्या पानात धुरिन नावाचा पदार्थ असतो. पान चावले गेले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. हे जहाल विष आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते आणखी झपाट्याने सुटते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण शरीराच्या पेशींना तो वापरताच येत नाही. म्हणून जनावर धापा टाकते, थरथरते, पडते आणि त्याच्या हिरड्या व रक्त उलट लालभडक दिसते. हे सगळे विद्यार्थ्याला हवे. नागपूर, परभणी, उदगीरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या पोराला 'का' हे कळलेच पाहिजे, कारण 'का' कळले की न पाहिलेला रोगही ओळखता येतो.

डॉक्टरची गरज वेगळी. ताण बसलेल्या ज्वारीत दुसरेही एक विष साठते, ते नायट्रेटचे. युरिया भरपूर दिला, मग पाऊस गेला, की ताटाच्या खालच्या भागात नायट्रेट साठते. तेही जनावर मारते, धापही लागते. पण तेथे रक्त लालभडक नसते, चॉकलेटी, काळपट तपकिरी होते. सायनाइडच्या विषावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. नायट्रेटच्या विषावर मिथिलीन ब्लू देतात. आता घाईत कोणी उलटे केले, म्हणजे नायट्रेटने चॉकलेटी झालेल्या रक्तात सोडियम नायट्राइट टोचले, तर आगीत रॉकेल ओतल्यासारखे होईल. कारण नायट्रेटचे पोटात नायट्राइटच होते आणि तेच जनावराला मारत असते. डॉक्टरच्या पुस्तकात ही दोन विषे एकमेकांशेजारी ठेवून त्यांतला फरक सांगितलेला असला पाहिजे. मात्रा जनावराच्या वजनाप्रमाणे दिलेली असली पाहिजे. दोन्ही गोष्टी नसतील तर ते पुस्तक डॉक्टरच्या पिशवीत जागा अडवते.

आणि मालक? दवाखाना पंधरा-वीस किलोमीटरवर, डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेला, आणि जनावर अर्ध्या तासात मरणार. अशा वेळी मालकाच्या पुस्तकात शिरेतून द्यायच्या औषधाची मात्रा असून काय उपयोग? त्याच्या पुस्तकात आदल्या दिवशीचे पान हवे. ते पान असे असेल:

ज्वारी गुडघ्याखाली असेल, दीड-दोन फुटांची असेल, तर जनावर तिच्यात सोडू नये. ताण बसलेल्या पिकात आणि फुटव्यात तर मुळीच नाही. पीक फुलोऱ्यावर आले की सायनाइडचा धोका बराच ओसरतो. उपाशी जनावर सुटले तर ते अधाशासारखे खाते आणि लवकर मरते, म्हणून सोडण्याआधी पोटात कडबा असू द्यावा. हिरवी ज्वारी कापून नीट वाळवली तर सायनाइड बहुतेक उडून जाते. नायट्रेट मात्र वाळवल्याने जात नाही. म्हणून दुष्काळात करपलेल्या आणि भरपूर युरिया दिलेल्या पिकाचा कडबा एकदम पोटभर घालू नये, थोडा थोडा, दुसऱ्या वैरणीत मिसळून घालावा. जनावर थरथरत असेल, पडले असेल, तर त्याच्या तोंडात बांबूच्या नळ्याने काहीही ओतू नये. पोटात जाण्याऐवजी ते फुप्फुसात जाते.

एवढे एक पान गावातल्या प्रत्येक घरात असते तर किती बैल वाचले असते याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. दाभणाएवढ्या जाड ग्रंथात हे पान असेलही, पण ते शोधायला इंग्रजी आणि अर्धा दिवस लागतो.

तेव्हा पहिला नियम: पुस्तक हातात घेतले की ज्वारीची विषबाधा काढून पाहा. विद्यार्थ्याच्या पुस्तकात कारण असावे, डॉक्टरच्या पुस्तकात फरक आणि मात्रा असावी, मालकाच्या पुस्तकात टाळण्याची रीत असावी. आपल्याला माहीत असलेल्या एका आजारावर पुस्तक तपासले, की माहीत नसलेल्या शंभर आजारांबाबत त्यावर किती विसंबायचे ते कळते.

पुस्तकाचे साल पाहा

बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आपण पाहतो. फवारणीच्या डब्यावरची पाहतो. पुस्तकावरची पाहत नाही. जुने पुस्तक स्वस्त मिळते, जाडजूड असते, त्यात चित्रे असतात. पण वैद्यकीचे जुने पुस्तक जुन्या नाण्यासारखे असते. दिसते खरे, बाजारात चालत नाही.

तीन गोष्टी तपासा.

एक, बुळकांडी. या रोगाने आपल्या आजा-पणजाचे गोठे एका रात्रीत रिकामे केले. भारतात त्याची शेवटची लागण १९९५ साली झाली आणि २०११ साली हा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर जगातून हद्दपार झालेला हा दुसराच रोग. पुस्तकात अजून "बुळकांडीची लस दरवर्षी टोचून घ्यावी" असे असेल तर ते पुस्तक निदान पंचवीस वर्षे मागचे आहे, मग पुठ्ठा कितीही नवा असो.

दोन, लम्पी. हा रोग १९२९ साली आफ्रिकेत, आजच्या झांबियात प्रथम नोंदला गेला. भारतात तो २०१९ साली ओडिशात दिसला आणि २०२२ साली आपल्या राज्यासह पश्चिम व उत्तर भारतात त्याने थैमान घातले. त्याआधीच्या पुस्तकांत तो 'आफ्रिकेतील रोग' म्हणून दोन ओळींत उरकलेला असे. त्या वर्षी पुस्तक गप्प होते म्हणून अफवा बोलत होत्या. माणसाला हा रोग होतो, दूध पिऊ नका, असे पसरले आणि दूधवाल्या बायाबापड्यांचा धंदा बसला. खरे म्हणजे लम्पी जनावरापासून माणसाला होत नाही. तो गुरांमध्ये मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. लस म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचली गेली. एवढी तीन वाक्ये वेळेवर गावात असती तर कितीतरी नुकसान टळले असते.

तीन, डायक्लोफिनॅक. ताप आणि सूज उतरवणारे हे औषध एके काळी प्रत्येक ढोराला टोचले जाई. असे औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाड मूत्रपिंड निकामी होऊन मरे. हे कारण २००४ साली उघड झाले, तोवर आपल्या आभाळातली गिधाडे जवळपास संपली होती. पूर्वी शिवारात टाकलेले मढे गिधाडे तासा-दोन तासांत उरकत. आज ते कुजत पडते आणि त्यावर कुत्री पोसली जातात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली. २०२३ साली केटोप्रोफेन व ॲसेक्लोफिनॅकवर आली आणि २०२४च्या अखेरीस निमेसुलाइडवर. मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक आढळले आहे. पुस्तकात ही बंदी असलेली औषधे जनावरांसाठी सुचवलेली दिसली, तर पुस्तक जुने आहे किंवा लेखक झोपलेला आहे.

साल पाहताना एक लबाडी ओळखा. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' हे दोन वेगळे शब्द आहेत. आवृत्तीत मजकूर सुधारतात. पुनर्मुद्रणात जुनाच मजकूर नव्या कागदावर छापतात. आतल्या पानावर बारीक अक्षरात ते लिहिलेले असते. तेवढे वाचायला चष्मा लावा.

कोणत्या देशाचे पुस्तक?

परदेशी पुस्तक वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. ज्ञानाला सरहद्द नसते. पण रोगाला हवामान असते, आणि औषधाला बाजार असतो. इंग्लंडातला ब्लॅक यांचा पशुवैद्यक शब्दकोश १९२८ पासून निघतो. अक्षरानुक्रमे लावलेला आहे, विद्यार्थ्याला एखादा शब्द अडला तर उत्तम. ब्लड आणि हेंडरसन यांनी १९६० साली काढलेला आणि पुढे रॅडोस्टिट्स यांनी वाढवलेला मोठ्या जनावरांच्या वैद्यकीचा ग्रंथ तर डॉक्टरांचा ज्ञानकोशच. पण त्यांत खांदेसूज किती सापडेल? जू घासून बैलाचा खांदा सुजतो, पिकतो, ऐन डवरणीत बैल कामातून जातो. ज्या देशात जू उरले नाही, त्या देशाच्या पुस्तकात खांदा कशाला येईल? शिंगाचा कर्करोग हा आपल्या देशी बैलांत आढळणारा आजार. त्यांच्याकडे तो दुर्मिळ, म्हणून त्यांच्या पुस्तकात एखादा परिच्छेद. आपल्या पुस्तकात त्याला प्रकरण हवे. बैल एकसारखे डोके झटकतो, एका नाकपुडीतून रक्त येते, शिंग कलते, हे मालकाने वेळेवर ओळखले तर शिंग काढून बैल वाचू शकतो.

जुन्या अमेरिकी पुस्तकांत मात्रा पुष्कळदा पौंडाला दिलेली असते, आपल्याकडे किलोला. एका किलोत सव्वादोन पौंड. हे ध्यानात न घेता मात्रा काढली तर ती निम्म्याहून कमी पडते किंवा दुपटीहून जास्त होते. मोबाइलवर यंत्राने केलेले मराठी भाषांतर वाचतानाही हीच सावधगिरी हवी. यंत्र वाक्य जुळवते, जनावराचे वजन विचारत नाही.

आणखी एक गोष्ट. पुस्तक कोण काढते तेही पाहा. मर्क ही औषधांची कंपनी आहे. तिचा ग्रंथ शेकडो तज्ज्ञांनी लिहिलेला आहे आणि जगभर मानला जातो, म्हणून त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. पण गावात फुकट वाटली जाणारी चकचकीत पुस्तिका वेगळी. प्रत्येक आजाराखाली एकाच कंपनीच्या बाटलीचे चित्र असेल तर ते पुस्तक नव्हे, ती जाहिरात.

गरीब मुलखातल्या पशुपालकांचा विचार करून लिहिलेले एक इंग्रजी पुस्तक मात्र नाव घेण्याजोगे आहे. बिल फोर्स यांचे 'व्हेअर देअर इज नो व्हेट', १९९९ सालचे. डॉक्टर नाही तेथे काय करायचे, हे साध्या भाषेत आणि चित्रांनी सांगणारे. साल जुने आहे, म्हणून औषधांची पाने जपून वाचावीत. पण पुस्तक कसे लिहावे याचा तो चांगला नमुना आहे.

लक्षणावरून उघडणारे पुस्तक

विद्वानांची पुस्तके रोगाच्या नावावरून लावलेली असतात. रोगाचे नाव माहीत असते तर आम्ही पुस्तक उघडले कशाला असते? मालकाला रोग दिसत नाही, लक्षण दिसते. लाळ गळते आहे, एवढेच त्याला दिसते.

लाळ कशाने गळते? लाळ्या-खुरकुताने गळते, मग तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड दिसतील. घशात काही अडकल्याने गळते. कपाशीवर फवारलेल्या औषधाचा डबा चाटल्याने किंवा फवारलेल्या बांधावरचे गवत खाल्ल्याने गळते. मग डोळ्यांतून पाणी, पातळ संडास, थरथर आणि डोळ्याची बाहुली टाचणीएवढी बारीक दिसेल. ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या विषावर ॲट्रोपिन हा उतारा डॉक्टरकडे असतो, तेव्हा फवारणीचा डबा डॉक्टरला दाखवायला सोबत न्यावा. आणि लाळ पिसाळल्यानेही गळते. घशात काही अडकले असेल म्हणून उघड्या हाताने तोंडात हात घालणारा माणूस अशा वेळी स्वतःचा जीव घालवतो. पिसाळण्याची लक्षणे सुरू झाली की माणसाला वाचवणे जवळजवळ अशक्य.

म्हणजे एका 'लाळ गळणे' या शब्दाखाली चार वाटा आहेत आणि एक वाट माणसाच्या मरणाकडे जाते. मालकाचे पुस्तक लक्षणावरून लावलेले असावे आणि प्रत्येक लक्षणाखाली आधी "माणसाला धोका आहे का" हे लिहिलेले असावे. जनावर एकाएकी मेले, नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर ते फाशीने मेले असू शकते. त्याला चिरू नये, कातडे सोलू नये, मांस खाऊ नये, दवाखान्याला कळवावे. या रोगाचे बीज मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते. गाय गाभडली तर वार उघड्या हाताने काढू नये, त्या गायीचे दूध कच्चे पिऊ नये. सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसाला लागतो आणि महिनोन्‌महिने ताप, सांधेदुखी मागे लावतो. हे काम घराघरांत मायबहिणीच करतात. पुस्तक त्यांना वाचता आले नाही, तर ते गोठ्याचे पुस्तक नव्हे.

नावांचेही तसेच. फऱ्याला कोठे एकटांग्या म्हणतात, घटसर्पाला गळसुजी, लाळ्या-खुरकुताला तोंडखुरी-पायखुरी. सूचीत ही सगळी नावे हवीत. कोसा-कोसावर बदलणारे नाव सूचीत नसेल तर माणूस पुस्तक मिटून वैदूकडे जातो, आणि त्याला दोष देता येत नाही.

पुस्तक म्हणजे डॉक्टर नव्हे

काही जण विचारतील, पुस्तक घरात आले की शेतकरी स्वतःच सुया टोचायला लागेल, त्याचे काय? भीती खोटी नाही. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुवैद्यकी करण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या डॉक्टरलाच दिला आहे, आणि ते योग्य आहे. अर्धवट दिलेले प्रतिजैविक रोग मारत नाही, रोगजंतूला तालीम देते. शिवाय ते दुधात उतरते आणि आपल्याच लेकराच्या पोटात जाते.

पण अडाणी मालक हा काही चांगल्या डॉक्टरचा मित्र नसतो. ताप किती, कधीपासून, काय खाल्ले, रवंथ करते का, शेण कसे, गाभण आहे का, लस केव्हा टोचली, या सात प्रश्नांची उत्तरे तयार ठेवणारा मालक डॉक्टरचा अर्धा वेळ वाचवतो. १९६२ या क्रमांकावर फिरत्या दवाखान्याला फोन करतानाही हेच सांगावे लागते. आणि वेळेवर लस मागणाऱ्या गावाला साथीत डॉक्टरच्या पाया पडावे लागत नाही. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या आधी टोचली तरच कामाची, कारण अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. गावात पहिले जनावर मेल्यावर धावपळ करणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे. पुस्तकाचे काम सुई देणे नाही. डॉक्टरला केव्हा बोलवावे, तोवर काय करावे आणि काय करू नये, एवढे सांगणे हे त्याचे काम.

आता करायचे काय?

एका घराने सगळी पुस्तके विकत घ्यावीत असे आम्ही म्हणत नाही. ते परवडणारे नाही आणि गरजेचेही नाही. गावाने मिळून वर्गणी काढावी आणि शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक लहान कपाट ठेवावे. त्यात मालकासाठी मराठीतली, लक्षणावरून लावलेली, सालाने ताजी अशी एक-दोन पुस्तके. कृषी विद्यापीठांची चालू वर्षाची दैनंदिनी. एखादे पोर पशुवैद्यकीला शिकत असेल, तर त्याने सुटीत आले की मोबाइलवरच्या मोठ्या ग्रंथातून आपल्या गावाच्या कामाची पाने मराठीत उतरवून आपल्या डॉक्टरकडून तपासून घ्यावीत. त्याच्या शिक्षणाचा गावाला तेवढा तरी उपयोग होऊ द्या. आणि एक वही. कोणते जनावर कधी आजारी पडले, काय लक्षणे होती, काय केले, जगले की मेले, लस कोणत्या तारखेला टोचली. गावाची ही वही चार-पाच वर्षांत असे पुस्तक होईल, जे जगातल्या कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

नागपूरला २००० साली स्थापन झालेले पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच करातून चालते. पुढच्या जिल्हा बैठकीत आपण एक साधा ठराव करू. कोरडवाहू भागातील बैल, गाय, म्हैस आणि शेळी यांच्यासाठी, लक्षणावरून उघडणारे, स्थानिक नावांची सूची असलेले आणि दर तीन वर्षांनी सुधारून निघणारे मराठी पुस्तक विद्यापीठाने काढावे आणि प्रत्येक गावाला पोचवावे. यात अनुदान मागत नाही, सूट मागत नाही. पुस्तकाची रास्त किंमत आपण देऊ. पिकवणाऱ्याने भाव मागावा तसे पाळणाऱ्याने ज्ञान मागावे.

बैठकीला येताना आपल्या घरात गुरांवरचे जे काही पुस्तक, पुस्तिका, पत्रक असेल ते घेऊन या. त्यातले ज्वारीच्या विषबाधेचे पान काढून ठेवा. पान सापडले नाही, तर रिकाम्या हाताने या आणि तेच सभेत सांगा.